गिरगावात कोण कुठे राहायचं?

गेल्या अंकात गिरगावातल्या माणसांबद्दल प्रश्न पाठवा, असं आवाहन केलं होतं. टपालाने आले, फोनवर आले, काहींनी तर मला आमच्या जिन्यातच गाठून विचारले. बहुतेकांना एकच हवं होतं : अमुक मोठा माणूस नेमका कुठल्या घरात राहायचा? मी फणसवाडीत जन्मले, इथल्याच एका शाळेच्या ग्रंथालयात नोकरी केली आणि अजूनही इथेच राहते. त्यामुळे पत्ता विचारणाऱ्यांबद्दल मला आपुलकीच वाटते. तरी उत्तरं लिहिताना मी पत्त्याच्या जरा पुढे गेले आहे. का, ते पहिल्याच उत्तरात येईल.

प्रश्न : माझ्या मुलीला शाळेत ‘परिसरातील थोर व्यक्ती’ असा प्रकल्प दिलाय. आम्ही बोरिवलीला असतो, पण माझं माहेर मुगभाटातलं, म्हणून तिने गिरगाव घेतलं. सुरुवात कुणापासून करावी? (एक वाचक, बोरिवली)

ताई, सुरुवात नाना शंकरशेटांपासून करा. तुमच्या माहेरचा रस्ता, ज्याला आपण सगळे अजून गिरगाव रोडच म्हणतो, त्याच्या पाटीवर त्यांचं पूर्ण नाव आहे : जगन्नाथ शंकरशेट मार्ग. पलीकडचा नाना चौकही त्यांचाच. जन्म १८०३ चा, मुरबाडचा. १८६५ साली ते गेले. घराण्याने व्यापारात अमाप पैसा मिळवला होता, नानांनी तो शहरासाठी मोकळ्या हाताने वापरला. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटली, ती सोडणाऱ्या कंपनीच्या संचालकांत नाना होते. त्याआधी १८५२ साली बॉम्बे असोसिएशन ही मुंबईतली पहिली राजकीय संस्था निघाली, तिथेही पुढाकार त्यांचाच. सोनापूरची स्मशानभूमी इथून हलवायचं सरकारच्या मनात होतं. गोरगरिबांनी प्रेत घेऊन एवढ्या लांब जायचं कसं, म्हणून नाना त्याविरुद्ध उभे राहिले आणि स्मशानभूमी जागेवर राहिली.

पण मुलीला मी यातली एक वेगळीच गोष्ट ठळक लिहायला सांगेन. १८४८ साली एल्फिन्स्टन या मुंबईतल्या शिक्षणसंस्थेतल्या तरुण मंडळींनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ काढली. दादाभाई नौरोजी, भाऊ दाजी लाड ही त्यातली नावं. पुढच्याच वर्षी त्यांनी मुलींच्या शाळा सुरू केल्या. मुलगी शिकली की घर बुडालं, असं मानणारी माणसं तेव्हा गल्लोगल्ली होती. शाळेला जागा द्यायची म्हणजे चारचौघांचे शिव्याशाप घ्यायचे. नानांनी स्वतःच्या वाड्यातली जागा दिली.

माझ्या मते गिरगावच्या मोठेपणाचं मूळ या जागा देण्यात आहे. चाळीतली खोली केवढी असते, ते तुम्हाला सांगायला नको. आमच्या खोलीत दिवा एक आणि त्याखाली आम्ही सगळी भावंडं. वडील जेवण उरकलं की वाचनालयात जायचे, कारण घरी पेपर उघडायलाही जागा नसे. असे शेकडो लोक रोज संध्याकाळी खोलीबाहेर पडायचे, आणि पंधरा मिनिटं चाललं की त्यांना वाचनालय, छापखाना, सभेचा हॉल, गाण्याचा क्लास, नाटकाचं थिएटर आणि समुद्र यांतलं काहीतरी मिळायचंच. घर लहान होतं, पण गाव मोठं होतं. म्हणून तुमच्या मुलीने प्रत्येक नावापुढे दोन रकाने करावेत. एकात घर, आणि दुसऱ्यात ती व्यक्ती घराबाहेर कुठे बसायची ती जागा. दुसरा रकाना भरताना तिला जास्त मजा येईल.

प्रश्न : ऑपेरा हाऊसजवळच्या दवाखान्यात जाताना ‘अवंतिकाबाई गोखले मार्ग’ अशी पाटी दिसते. या बाई कोण? घरात कुणालाच सांगता आलं नाही. (एक वाचक, ठाणे)

हा प्रश्न आला याचा मला फार आनंद झाला. रोज हजारो माणसं त्या रस्त्याने जातात आणि टॅक्सीवाल्यांना ते नाव पाठ असतं, पण बाई मात्र विस्मरणात गेल्या.

अवंतिकाबाईंचा जन्म १८८२ चा, इंदूरचा. लग्न अगदी लहानपणी झालं. पती बबनराव गोखले शिकलेले आणि बायकोने शिकावं असं मनापासून वाटणारे. अवंतिकाबाई शुश्रूषेचं शिक्षण घेऊन मुंबईत काम करू लागल्या. १९१७ मध्ये गांधीजींनी चंपारणमध्ये खेड्यापाड्यांत शाळा काढायच्या ठरवल्या आणि त्यासाठी शिकवणाऱ्या बायका हव्या होत्या. मुंबईहून अवंतिकाबाई गेल्या, पुण्याहून आनंदीबाई वैशंपायन. भाषेची अडचण होतीच. गांधीजींचं म्हणणं असं, की व्याकरण आणि अंकगणित मागून येईल, मुलांना स्वच्छता आणि चांगली वागणूक आधी शिकवा. मुंबईत राहणारी ही बाई बिहारमधल्या गावात जाऊन मुलांना न्हाऊमाखू घालू लागली.

तिथून परतल्यावर त्यांनी दोन मोठी कामं केली, दोन्ही १९१८ मधली. ‘हिंद महिला समाज’ स्थापन केला, आणि गांधीजींचं मराठी चरित्र लिहिलं. त्या चरित्राला प्रस्तावना आहे लोकमान्य टिळकांची. गांधीजींचं नाव महाराष्ट्रात घरोघर पोचायच्या आधी एका बाईने त्यांचं चरित्र लिहावं आणि टिळकांनी त्यामागे उभं राहावं, हे मला आजही विलक्षण वाटतं. पुढे त्या मुंबई महापालिकेत नगरसेविका झाल्या. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात कमलादेवी चट्टोपाध्यायांबरोबर पहिल्या तुकडीत त्या होत्या : समुद्राचं पाणी आणायचं, चूल पेटवायची, मीठ पाडायचं आणि पोलीस आले तरी चुलीपासून हलायचं नाही. १९४९ साली त्या गेल्या.

पालिकेने रस्त्याला नाव दिलं हे चांगलंच झालं. त्या पाटीखाली त्या कोण होत्या हे सांगणाऱ्या दोन ओळी लिहिल्या, तर तुमच्यासारख्यांना घरी जाऊन विचारावं लागणार नाही. माझी ही मागणी जुनी आहे आणि ती मी सोडणार नाही.

प्रश्न : आमच्या इमारतीतले आजोबा म्हणतात की आंग्रेवाडीत एक भारतरत्न राहायचे. आंग्रेवाडीत? खरं आहे का? (कॉलेजात शिकणारा एक वाचक, गिरगाव)

अगदी खरं आहे बाळा. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे. १९६३ साली त्यांना भारतरत्न मिळालं.

काणे मूळचे कोकणातले. १८८० साली चिपळूणजवळ जन्म. शिकायला मुंबईत आले ते विल्सन कॉलेजात, म्हणजे तू चौपाटीवर ज्या दगडी इमारतीसमोर मित्रांबरोबर उभा राहतोस त्याच कॉलेजात. ती इमारत १८८९ ची, म्हणजे काणे आले तेव्हा अगदी नवीकोरी. आधी शाळेत शिकवलं, मग वकिलीची परीक्षा देऊन हायकोर्टात वकिली केली. पोट भरायचं ते वकिलीवर. आणि उरलेल्या वेळात, म्हणजे पहाटे, रात्री आणि कोर्टाच्या सुट्यांत, त्यांनी धर्मशास्त्राचा इतिहास लिहिला. इंग्रजीत, पाच खंडांत. पहिला खंड १९३० चा, शेवटचा १९६२ चा. तेव्हा ते ब्याऐंशी वर्षांचे होते. पानं सहा हजारांच्या वर.

त्या खंडांतलं एखादं पान मी तुला दाखवायला हवं. वर इंग्रजी मजकुराच्या चार-सहा ओळी, आणि खाली बारीक टायपात संस्कृत तळटीपा, कधी कधी निम्म्याहून जास्त पान भरून. वर एक वाक्य लिहिलं की त्याला आधार कुठला, ग्रंथ कोणता, अध्याय कितवा, पाठभेद काय, हे सगळं खाली हजर. वकील पुरावा दिल्याशिवाय बोलत नाही, तसंच. आपल्या परंपरेत एकाच प्रश्नावर किती परस्परविरोधी मतं नांदली आहेत हे त्या तळटीपा वाचताना कळतं. धर्मात हे असंच आहे, असं कुणी ठासून सांगितलं की मला त्या तळटीपा आठवतात.

आता घराबाहेरचा रकाना. काण्यांच्या बाबतीत तो एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयाचा. फोर्टातल्या टाऊन हॉलच्या पायऱ्या चढून ते तिथे जात. मुंबई विद्यापीठाचे ते कुलगुरू झाले, राज्यसभेवर त्यांची नेमणूक झाली, पण पत्ता राहिला आंग्रेवाडीच. १९७२ मध्ये ते गेले. तुझ्या आजोबांनी त्यांना रस्त्याने जाताना पाहिलंही असेल. त्यांना विचार, आणि ते काय सांगतात ते लिहून ठेव. मलाही वाचायला दे.

प्रश्न : दादासाहेब फाळके आमच्या त्र्यंबकेश्वरचे. ‘राजा हरिश्चंद्र’ दादरला तयार झाला असं वाचलं. मग गिरगावकर त्यावर हक्क कसा सांगतात? (एक वाचक, नाशिक)

भांडणाचं कारणच नाही, तिघांचाही हक्क आहे. जन्म तुमचा, १८७० चा. चित्रीकरण दादरचं, जिथे आज त्यांच्या नावाचा रस्ता आहे. आणि पडदा आमचा.

फाळक्यांना सिनेमाचा ध्यास लागला तो गिरगावात. अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस नावाचं तंबूवजा थिएटर इथे होतं. १९११ च्या सुमाराला ते थोरल्या मुलाला, भालचंद्रला, घेऊन तिथे गेले. पडद्यावर हलणारी जनावरं पाहून आलेल्या मुलाने घरी सांगितलं, तर कुणी विश्वासच ठेवेना. म्हणून दुसऱ्या दिवशी सगळं कुटुंब घेऊन गेले, तर ईस्टरमुळे येशूच्या जीवनावरचा चित्रपट लागलेला. येशूच्या जागी राम आणि कृष्ण दिसू लागले, हे फाळक्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. त्यांच्याबरोबर सरस्वतीबाई होत्या. पुढे याच बाईंनी दागिने काढून दिले आणि घरात साऱ्या चमूचा स्वयंपाक करता करता फिल्म धुण्याचं कामही शिकून घेतलं. प्रकल्पवाल्या आमच्या बोरिवलीच्या मुलीने सरस्वतीबाईंनाही एक पान द्यावं.

‘राजा हरिश्चंद्र’चा निमंत्रितांसाठीचा खेळ २१ एप्रिल १९१३ ला ग्रँट रोडच्या ऑलिंपिया थिएटरात झाला आणि ३ मे १९१३ पासून तो गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये तिकीट काढून पाहायला मिळू लागला. तारामतीचं काम करायला बाई मिळेना, तेव्हा ग्रँट रोडच्या एका खाणावळीतले आचारी अण्णा साळुंके यांना फाळक्यांनी उभं केलं. महिना दहा रुपये मिळत होते, फाळक्यांनी पंधरा कबूल केले.

आणि मूक चित्रपट बोलू लागला तोही गिरगावातच. १४ मार्च १९३१ ला मॅजेस्टिक सिनेमात ‘आलमआरा’ लागला. गर्दी आवरायला पोलीस आणावे लागले. नायक मास्टर विठ्ठल, आपला मराठी माणूस. आधीच्या कंपनीने करारभंगाचा दावा लावला, तेव्हा त्यांचं वकीलपत्र घेतलं बॅरिस्टर जीनांनी. चित्रीकरण झालं ग्रँट रोडला रुळांजवळच्या स्टुडिओत, आणि तेही मध्यरात्रीनंतर, कारण दिवसभर गाड्यांचा खडखडाट माइकमध्ये शिरायचा. मॅजेस्टिकच्या जागी आता त्याच नावाचं शॉपिंग सेंटर आहे. मी तिथे पुस्तकं घ्यायला जाते.

प्रश्न : जितेंद्र आणि राजेश खन्ना एकाच शाळेत होते, हे खरं की गप्पा? (एक वाचक, डोंबिवली)

खरं. सेंट सबॅस्टियन्स गोअन हायस्कूल. राजेश खन्ना ठाकूरद्वारला राहायचे, जितेंद्र, म्हणजे तेव्हाचे रवी कपूर, श्यामसदन चाळीत. रवीच्या घरचा धंदा खोट्या दागिन्यांचा. ते दागिने स्टुडिओत पोचवता पोचवता ते व्ही. शांतारामांच्या नजरेत भरले. चाळीत वाढल्याचं त्यांनी कधी लपवलं नाही, म्हणून चाळकऱ्यांनाही ते आपले वाटतात.

प्रश्न : सार्वजनिक गणपती पहिला पुण्याचा की गिरगावचा? (एक वाचक, पुणे)

पुण्याचं पुण्याने ठरवावं. मुंबईत पहिला केशवजी नाईक चाळीचा, १८९३ सालचा. १९०१ मध्ये टिळक स्वतः तिथे आले होते. खाडिलकर रोडवर आजही तो उत्सव होतो, मूर्ती अजून लहानच असते आणि पालखीतून निघते. या रस्त्याचं नाव ‘केसरी’तले टिळकांचे सहकारी, नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचं. त्यांनी १९२३ साली काढलेला ‘नवाकाळ’ गिरगावचाच.

टिळकांचा विषय निघालाच आहे म्हणून लिहिते. १ ऑगस्ट १९२० ला क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात ते गेले. पावसाळ्याचे दिवस. गिरगाव चौपाटी काही स्मशान नव्हे, तिथे दहन करायला खास परवानगी काढावी लागली. अंत्ययात्रेला लाखो माणसं भर पावसात चालली. माझी आजी तेव्हा लहान होती. आमच्या चाळीच्या गॅलरीतून खाली नुसत्या छत्र्या आणि भिजलेली पागोटी दिसत होती, आणि त्या दिवशी चाळीत कुणाकडेच चूल पेटली नाही, असं ती सांगायची. चौपाटीवर भेळ खायला येणाऱ्या मुलांना तिथला टिळकांचा पुतळा इथेच का, हे मोठ्यांनी एकदा तरी सांगावं.

प्रश्न : ‘सत्यकथा’ मासिकाची होळी झाली ती खटाववाडीत. ज्या मासिकाने मराठी कथा-कविता घडवली, ते जाळण्याइतका राग कशाचा होता? (एक निवृत्त प्राध्यापक, कोल्हापूर)

सर, तुम्ही विचारलंत तेव्हा मला माझे काका आठवले. ते गिरगावातल्या एका छापखान्यात कंपोझिटर, म्हणजे छपाईचे खिळे जुळवणारे, होते. डाव्या हातात स्टिक, समोर तिरक्या लाकडी केसचे खणच खण, आणि उजवा हात न पाहता नेमक्या खणात जायचा. मात्रा वेगळी, रफार वेगळा, प्रत्येक जोडाक्षराचा खण वेगळा. ‘र्‍ह’ शोधायला नवख्या माणसाला अर्धा मिनिट लागे. मराठी साहित्य म्हणजे माझ्यासाठी आधी त्या शिशाच्या खिळ्यांनी काळी झालेली काकांची बोटं आहेत. खटाववाडीत ‘मौज’ प्रकाशनाचा छापखाना आणि ‘सत्यकथे’चं कार्यालय. संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन एकेका कथेवर लेखकाला पानभर पत्रं लिहीत, पुन्हा लिहायला लावत, एक शब्द बदलावा की नाही यावर महिना घालवत. गाडगीळ, गोखले, माडगूळकर, मर्ढेकर, जी. ए. या साऱ्यांचं लेखन या वाडीतून वाचकांपर्यंत गेलं.

आणि म्हणूनच राग होता. साहित्य कशाला म्हणायचं हे खटाववाडीतल्या एका खोलीत ठरतं आणि तिथे आमचं जगणं, आमची भाषा शिरत नाही, असं लघुनियतकालिकं, म्हणजे छोटी बंडखोर मासिकं, काढणाऱ्या तरुणांना वाटत होतं. १९६९ मध्ये राजा ढाले आणि त्यांचे मित्र थेट ‘मौजे’च्या दारात आले आणि त्यांनी ‘सत्यकथे’चा अंक जाळला. पुढे १९७२ मध्ये दलित पँथर स्थापन करणाऱ्यांत ढाले होते.

माझं मत विचारलंत तर सांगते. अंक जाळणं मला आवडलं नाही, ग्रंथपालाला ते आवडणारच नाही. पण त्यांची तक्रार खरी होती. त्यानंतरच्या काळात आमच्या शाळेच्या कपाटात नवी नावं आली : दलित आत्मकथनं, गिरणगावातल्या कविता. मुलं ती पुस्तकं मागून मागून नेत, पानं सुटी होईपर्यंत वाचत. भागवतांची काटेकोर शिस्त आणि ढाल्यांचा संताप, दोन्ही मराठीच्या कामी आले आणि दोन्ही एकाच वाडीच्या दारात समोरासमोर उभे राहिले. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद झालं. तिथून चार पावलांवर, केळेवाडीत, मुंबई मराठी साहित्य संघ आहे. संघ १९३५ चा, आणि त्याचं नाट्यगृह डॉ. अ. ना. भालेरावांच्या नावाचं. व्यवसायाने डॉक्टर असलेल्या या माणसाने मराठी नाटकाला मुंबईत हक्काची जागा मिळावी म्हणून जन्म वेचला.

प्रश्न : कुमार गंधर्वांना गिरगावकर ‘आमचे’ का म्हणतात? (एक वाचक, बेळगाव)

जन्म तुमच्याकडचा, सुळेभावीचा, १९२४ चा. पण मुंबईने त्यांना ऐकलं ते काँग्रेस हाऊसच्या आवारातल्या जीना हॉलमध्ये, १९३६ च्या संगीत परिषदेत. जेमतेम बारा वर्षांचा मुलगा गायला बसला आणि सभागृहातल्या जाणत्या गवयांना आवरेना इतकी दाद गेली. नंतर तो प्रा. बी. आर. देवधरांकडे राहिला, ऑपेरा हाऊसजवळच्या त्यांच्या गाण्याच्या शाळेत. देवधर स्वतः विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य, पण कुठल्याही घराण्यातलं चांगलं ऐकावं या मताचे. त्यांच्याकडे सगळ्या घराण्यांचे उस्ताद येऊन बसत. कुमारांच्या गाण्यात जी मोकळीक पुढे दिसली तिचं बीज मला त्या शाळेत वाटतं.

त्या हॉलबद्दलही सांगायला हवं. १९१८ च्या डिसेंबरात गव्हर्नर विलिंग्डन यांचा निरोप समारंभ टाऊन हॉलमध्ये ठरला आणि त्यांचं स्मारक करायचा घाट घातला गेला. बॅरिस्टर जीना आणि त्यांच्या पत्नी रतनबाई यांनी लोकांना घेऊन तो उधळला. मुंबईकर इतके खूश झाले की माणशी एक रुपया वर्गणी काढून त्यांनी जीनांच्या नावाचा हॉल बांधला. पुढचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे आणि तो दुखरा आहे. पण रुपया-रुपयाने बांधलेल्या हॉलमध्ये एक मुलगा गायला, हेही त्याच इतिहासात आहे.

प्रश्न : मुलांना घेऊन एका सकाळी गिरगाव पाहायचं आहे. कसं फिरावं? (बरेच वाचक)

रविवारी सकाळी सातला चर्नी रोडला उतरा, किंवा आता गिरगावलाच मेट्रोचं स्टेशन झालंय तिथे. आधी चौपाटी : टिळकांचा पुतळा आणि विल्सन कॉलेज. मग ऑपेरा हाऊस, हे रॉयल ऑपेरा हाऊस बरीच वर्षं बंद राहून २०१६ मध्ये पुन्हा उघडलं. पुढे अवंतिकाबाई गोखले मार्गावरून प्रार्थना समाज. १८६७ साली आत्माराम पांडुरंगांनी स्थापन केलेल्या आणि न्यायमूर्ती रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी वाढवलेल्या त्या समाजाचं नाव आता बसस्टॉपलाही लागलंय. तिथून गिरगाव रोडने सेंट तेरेसा चर्चपर्यंत या आणि खोताच्या वाडीत शिरा.

ही वाडी दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांची. त्यांनी इथल्या जमिनी ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या ख्रिस्ती, कुटुंबांना दिल्या. लाकडी कठडे, बाहेरून चढणारा जिना, ओटा, कोपऱ्यावर क्रूस. ही मंडळी मराठीच बोलतात, आपल्या वळणाची. बाटली मसाला आणि फुग्या त्यांच्याच. मुलांना इथे काका बॅप्टिस्टांची गोष्ट सांगा. ते राहायचे माझगावच्या माथारपाखाडीत, पण समाज हाच. टिळकांचे वकील आणि मित्र, १९१६ च्या होमरूल लीगचे अध्यक्ष, १९२५ साली मुंबईचे महापौर. वाडीतली जुनी घरं आता थोडी उरलीत. माणसं तिथे राहतात, सकाळी ओट्यावर चहा घेत बसलेली असतात. विचारल्याशिवाय फोटो काढू नका आणि आवाज हळू ठेवा. विचारलंत तर बहुतेक जण आपणहून दोन गोष्टी सांगतील.

पुढे ठाकूरद्वार आणि खाडिलकर रोडवरची केशवजी नाईक चाळ. पोटात कावळे ओरडू लागले की फणसवाडीत मिसळ मिळते. तोवर ऊन चढलेलं असतं, मुलं दमलेली असतात, म्हणून आंग्रेवाडी दुसऱ्या फेरीसाठी ठेवा.

काळबादेवी आणि भुलेश्वराबद्दल आलेले प्रश्न पुढच्या अंकात घेईन. बाबू गेनूंबद्दल विचारणाऱ्या चिंचपोकळीच्या वाचकांनी तोवर थोडा धीर धरावा. त्या उत्तराला जागा जास्त लागणार आहे.